तांदळांवरचं नाव

रक्त काढण्याआधी नाव विचारायचं, हा सुखदाच्या हाताला लागलेला पहिला धडा. कागदावर नाव ठळक दिसत असलं तरी विचारायचं. समोरचा माणूस रोज सकाळी दूध टाकणारा असला तरी त्याच्या तोंडून पुरतं नाव वदवून घ्यायचं, नळीवर चिकटवलेल्या पट्टीशी ताडून बघायचं, आणि मगच सुई. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एका लहानशा नर्सिंग होमच्या लॅबमध्ये ती एकोणीस वर्षं हेच करत आली होती. "निम्म हेसरु?" ती विचारी. तुमचं नाव? तेवढ्यापुरती कन्नड तिला चांगली येई. नाव, वय, मूठ आवळा, मूठ सोडा, झालं.

नाव जुळलं नाही तर रक्त टाकून द्यायचं. एकदा पुण्याकडचा एक कंपनीतला साहेब उपाशीपोटी येऊन रक्त देऊन गेला आणि रिसेप्शनच्या गडबडीत नळीवर त्याच्या धाकट्या भावाच्या नावाची पट्टी लागली. साहेब फोनवर तापला. "अहो बाई, रक्त माझंच आहे. मी सांगतोय ना!"

"तुम्ही सांगताय साहेब. नळी सांगत नाही," सुखदा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उपाशी बोलावलं. नर्सिंग होममध्ये पुढे कितीतरी दिवस या उत्तरावर हसणं झालं. हसणाऱ्यांत ती पण होती.

तिचं स्वतःचं नाव मात्र एकदा बदललेलं होतं.

सांगोल्याकडच्या माळावरचं तिचं गाव. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. तिचे वडील मारुती बाबर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात शिपाई होते. बैलाची वेसण धरून उभं राहायचं, डॉक्टर सुई टोचेपर्यंत त्याच्या कानात काहीबाही बोलत राहायचं, हे त्यांचं काम. लहानगी अहल्या कुंपणावर बसून बघायची. जनावराच्या मानेत शीर कुठे फुगते ते तिला बाराखडीच्या आधी कळलं. दहावीच्या कागदावर, बारावीच्या कागदावर, सोलापूरच्या लॅबच्या पदविकेवर तेच नाव लागलं, अहल्या मारुती बाबर. बारावीला शास्त्र शाखेत ती तालुक्यात दुसरी आली होती. वडिलांनी पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात सोलापूरच्या दोन वर्षांच्या कोर्सचा फॉर्म आणला. "डॉक्टरच्या शेजारी उभं राहणं काय वाईट असतं का पोरी?" ते म्हणाले. ते स्वतः जन्मभर डॉक्टरच्या शेजारीच उभे होते. त्यांना खरंच वाटत होतं तसं.

कोर्स संपला आणि लग्न झालं. पद्माकर इंगोले बेंगळुरूजवळ होसकोट्याला गिअर बनवणाऱ्या कारखान्यात लागलेला, सुट्टी घेऊन लग्नापुरता गावी आलेला. लग्नाच्या संध्याकाळी, माप ओलांडून झाल्यावर, सासूबाईंनी म्हणजे विठाबाईंनी पितळी ताटात तांदूळ पसरले आणि लेकाच्या हातात सोन्याची अंगठी दिली.

"अहल्या म्हंजी शिळा झालेली बाई," त्या म्हणाल्या. "तसलं नाव नगं आपल्या घरात. सुखदा लिव्ह."

पद्माकरने अंगठीच्या कडेने तांदळांवर लिहिलं. बायका वाकून वाकून वाचू लागल्या, कुणीतरी साखर वाटली, फोटोवाल्याने चमक पाडली. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळांची खीर झाली आणि सगळ्यांनी वाटी वाटी खाल्ली. नाव असं घरात शिरलं. सासऱ्यांनी ते रेशनकार्डात सांगितलं, रेशनकार्डावरून मतदारयादीत गेलं, तिथून बँकेत, आणि बेंगळुरूला आल्यावर आधारकार्डावर. एका कागदाने दुसऱ्या कागदाला जन्म दिला. पहिला कागद कुठे आहे असं कुणीच कधी विचारलं नाही. लग्नाची नोंदणी करायची असते हेसुद्धा त्या घरात कुणाला सुचलं नव्हतं. पाचशे माणसं जेवून गेली होती, आणखी कसली नोंद?

के. आर. पुरमच्या दोन खोल्यांत संसार लागला. मुलगी झाली, आश्लेषा. सुखदाला लॅबमध्ये नोकरी लागली. वर्षं गेली ती अशीच गेली असती, मुनियम्मा नसती तर.

मुनियम्मा नर्सिंग होमच्या फाटकाशी फुलं विकायची. कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, हातभर गजरा सुखदाच्या हातात कोंबायची आणि "अक्का, उद्या दे," म्हणायची, आणि उद्या पैसे घ्यायला विसरायची. एका सोमवारी ती धाप लागते म्हणून आत आली. सुखदाने रक्त घेतलं, काचेवर पसरलं, रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पांढऱ्या पेशींनी सगळी काच भरून गेली होती, कोवळ्या, बेढब, जिथे असू नयेत तिथे. तिला बघताक्षणी कळलं, रक्ताचा कर्करोग. एकोणीस वर्षं डोळा तेच करत होता.

बाहेर बाकावर मुनियम्मा पदराने वारा घेत बसली होती. "येनु अक्का? काय निघालं?"

"डॉक्टर सांगतील."

पॅथॉलॉजीचे डॉक्टर बुधवारी आणि शनिवारी यायचे. त्यांची सही झाल्याशिवाय लॅबच्या बाईने तोंड उघडायचं नाही, हा नियम. नियम बरोबरही होता. पण सोमवारी संध्याकाळी, मंगळवारी सकाळी, मंगळवारी संध्याकाळी मुनियम्मा फाटकाशी भेटत राहिली, विचारत राहिली, आणि सुखदा खाली मान घालून "डॉक्टर सांगतील, डॉक्टर सांगतील" म्हणत राहिली. मंगळवारी मुनियम्माने हसून म्हटलं, "अक्का, तुला कळत नाही की तुला बोलता येत नाही?"

पावणेदोन महिन्यांत ती गेली. फाटकाशी दुसरी बाई टोपली घेऊन बसायला लागली.

त्या आठवड्यात सुखदाला वर्तमानपत्रात दिसलं की वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला, नीटला, आता वयाची वरची मर्यादा राहिलेली नाही. ती बातमी तिने कात्रीने कापली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवली. चार दिवसांनी जेवताना सांगितलं.

पद्माकर भाकरी मोडता मोडता थांबला. "आता? अगं, पास होऊन बाहेर पडशील तेव्हा तुलाच कुणीतरी तपासायला लागेल."

"लागू दे. निदान काय झालंय ते माझं मला सांगता येईल."

तो हसला. आश्लेषाही हसली, पण तिने दुसऱ्या दिवशी आपली अकरावी-बारावीची पुस्तकं पलंगाखालून काढून आईच्या उशाशी ठेवली.

सुखदा पहाटे चारला उठे. भौतिकशास्त्र तिला दगड फोडल्यासारखं जाई. जीवशास्त्र मात्र जुन्या मैत्रिणीसारखं भेटे. मेट्रोत उभ्याने, दांडीला कोपर अडकवून, ती रसायनाची समीकरणं घोकी. पहिल्या वर्षी परीक्षेच्या फाटकावर रखवालदाराने तिला हाताने बाजूला सारलं होतं. "पेरेंट्स लोग उधर, मॅडम." तिने प्रवेशपत्र दाखवलं. त्यावर अहल्या मारुती बाबर, कारण फॉर्मवर नाव दहावीच्या कागदाप्रमाणे भरा असं लिहिलेलं होतं आणि ती लिहिलेलं पाळणारी बाई होती. ओळख म्हणून आणलेल्या आधारवर सुखदा पद्माकर इंगोले. रखवालदाराने आतल्या माणसाला बोलावलं, त्याने आणखी वरच्याला. ती पाऊण तास उन्हात उभी राहिली. अठरा वर्षांची मुलं तिच्याकडे बघत बघत आत गेली. शेवटी लेखी हमी घेऊन सोडलं तेव्हा हमीवरची तिची सही वाकडी आली होती. ज्या हातांनी तान्ह्या पोराची शीर पहिल्या टोचणीत सापडते, त्याच हातांची सही.

दुसऱ्या वर्षी ती नोटरीचं प्रतिज्ञापत्र घेऊन गेली, अहल्या आणि सुखदा ही एकच बाई आहे म्हणून. तरी पुन्हा तेच उन्हात उभं राहणं, तोच उशीर. दोन्ही वर्षं गुण कमी पडले.

तिसऱ्या वेळी तिने ठरवलं की फॉर्म आधारच्या नावानेच भरायचा. म्हणजे फाटकावर कुणी अडवणार नाही. दहावीचा कागद आणि आधार यांच्यामध्ये गॅझेटचा कागद ठेवला की झालं. सरकारच्या राजपत्रात एकदा छापून आलं की ही ती आणि ती ही, मग सगळीकडे चालतं. फॉर्म भरून, दोन फोटो टाचून, खाकी पाकिटात घालून तिने दिवाळीच्या आधी ते पद्माकरच्या हातात दिलं. तो गावी चालला होता, तिला लॅबमधून रजा नव्हती.

"तालुक्याला सेतू केंद्रात द्या. गावाकडचा पत्ता घातलाय. विसरू नका."

"अगं, देतो की."

परत आल्यावर त्याने सांगितलं, दिलं, पोस्टाने येईल. फेब्रुवारीत तिने विचारलं. "सरकारी काम आहे. स्वल्प दम धर." त्या भरवशावर तिने नीटचा फॉर्म सुखदा इंगोले नावाने भरला. एप्रिलमध्ये पुन्हा विचारलं. तो चिडला. "मी काय छापखाना चालवतो का?"

परीक्षेच्या दिवशी कुणी अडवलं नाही. सही सरळ आली.

निकाल लागला तेव्हा ती लॅबमध्ये होती. गुण असे होते की लागलं तर लागलं. पहिल्या फेरीत काही आलं नाही. दुसऱ्या फेरीत, अखिल भारतीय यादीत, शहराबाहेर दीड तासावरच्या एका सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली. एम.बी.बी.एस. ती ओळ तिने फोनवर बोटाने मोठी करून पाहिली, मग बारीक करून पाहिली. लॅबमध्ये नवीन लागलेली सिद्धी, नागपूरकडची, ओरडलीच. "अक्का, आता आम्ही तुम्हाला काय म्हणायचं? मॅडम? डॉक्टर अक्का?"

"अक्काच म्हण. अजून साडेपाच वर्षं आहेत."

सुखदाने राजीनामा लिहून दिला. नर्सिंग होमच्या मालक डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. परत आलात तर हे टेबल आहेच." त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं.

कॉलेजात हजर व्हायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. ती गुरुवारी सकाळी गेली. लांब दालनात मेजं मांडली होती, पोरं आईबापांना घेऊन रांगेत होती. मेजामागच्या बाई पन्नाशीच्या, केसांत मोगऱ्याचा छोटा तुकडा, बोलणं हळू, हिंदीत. त्यांनी एकेक कागद उलटला. मूळ गुणपत्रिका पाहिल्या आणि मान वर केली.

"अहल्या बाबर कोण?"

"मीच."

"आणि सुखदा इंगोले?"

"मीच. लग्नात नाव बदलतात आमच्यात."

"आडनाव ना?"

"नाव पण."

बाईंनी शेजारच्या माणसाला कन्नडमध्ये काही विचारलं. त्याने खांदे उडवले. प्रतिज्ञापत्र त्यांनी वाचलं आणि अलगद बाजूला ठेवलं. "हे तुम्हीच लिहून दिलेलं. गॅझेट लागेल, नाहीतर लग्नाचं नोंदणीपत्र. दोन्ही नावं असलेला कुठलाही एक सरकारी कागद."

"गॅझेटला दिलंय. आलं नाही अजून. मी हमीपत्र लिहून देते, नंतर आणून देते."

"अम्मा, जन्मतारीख तीच आहे, वडिलांचं नाव तेच आहे. मला पटतंय. पण मला पटलंय असं लिहायला इथे जागा नाही." त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. "उद्या पाचला हे बंद होतं. पाचच्या आत आणा, मी थांबते."

सुखदा गाडीत बसून के. आर. पुरमला परत आली. बाहेर सगळं पळत होतं, कारखाने, नारळाची झाडं, अर्धवट इमारती. तिला एकदम ताट आठवलं. अंगठीने लिहिलेली अक्षरं. फोटोवाल्याने चमक पाडली होती. फोटो होता!

पलंगाखालची पत्र्याची ट्रंक तिने ओढून काढली. वर आश्लेषाचे लहानपणीचे फ्रॉक, त्याखाली सासूबाईंची साडी, त्याखाली लग्नाचा अल्बम. अल्बम उचलला तर खाली एक खाकी पाकीट होतं. तिच्याच अक्षरात पत्ता. आत फॉर्म, फॉर्मला टाचलेले तिचे दोन फोटो. टाचणीला गंज चढला होता आणि तो फोटोतल्या तिच्या कपाळापर्यंत उतरला होता.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. कुकरची शिट्टी शेजारच्या घरात झाली. सहाच्या सुमारास पद्माकर आला, हातात टिफिनची पिशवी. ट्रंक उघडी बघितली आणि दारातच थांबला.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"ते... राहिलं."

"पोस्टाने येईल म्हणालात."

पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"अहो, मी विचारतेय."

"सेतूत खंडोजी बसला होता. आपल्या भावकीतला. त्याने मोठ्याने वाचलं. म्हणाला, बायकोच्या माहेरच्या नावाचे कागद काढतोयस? वहिनी निघाल्या की काय? तिथं पाच-सहा जण होते. हसले." त्याने ओठांवरून हात फिरवला. "आपल्याकडे बाया कधी काढतात ते कागद तुला माहितेय. सोडचिठ्ठीच्या वेळी. मी म्हटलं चुकून दुसरंच पाकीट आणलं, आणि निघालो."

"आणि इथे येऊन दिलं म्हणालात."

"वाटलं, तू काय..."

"मी काय?"

पद्माकरने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "पास होतेस कुठली, असं वाटलं. दोनदा झालं नव्हतं. तिसऱ्यांदा बसशील आणि सोडशील. मग कशाला लागतंय गॅझेट."

आश्लेषा कॉलेजातून येऊन मागे उभी राहिली होती, पाठीवरची बॅग तशीच. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, राहिलं एवढं जरी सांगितलं असतंत ना, आईने स्वतः ऑनलाइन केलं असतं. घरबसल्या."

ते त्याला लागलं. तो मटकन पलंगावर बसला आणि पिशवी मांडीवर धरून राहिला. सुखदा ओरडली नाही. पुढे तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत राहिलं. चोवीस वर्षं हा माणूस तिच्या ताटातली करपलेली भाकरी आपल्या ताटात घेत आला होता. आजारपणात तिचे पाय चेपले होते. आणि या सगळ्या वर्षांत, ती पहाटे चारला दिवा लावून बसली असताना, तो कुशीवर वळून झोपला असताना, त्याला आतून ठाऊक होतं की तिला जमणार नाही. एवढं शांतपणे ठाऊक होतं.

शुक्रवारी दोघं गेली. पद्माकरने रजा टाकली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. जाताना वाटेतल्या वकिलाकडे थांबून नवं प्रतिज्ञापत्र केलं, या वेळी नवऱ्याच्या सहीचं. गॅझेट एका दिवसात होत नाही, वकील म्हणाला. लग्नाची नोंदणीही नाही, त्याला साक्षीदार लागतात, लग्न झालं तिथे जावं लागतं. सांगोला तिथून एका दिवसाच्या वाटेवर होतं.

मेजामागच्या बाईंनी प्रतिज्ञापत्र वाचलं. मग सुखदाने पिशवीतून अल्बम काढला आणि ते पान उघडून पुढे सरकवलं. रंग उडून गेलेला फोटो. पितळी ताट, पांढरे तांदूळ, त्यांच्यात उमटलेली तीन अक्षरं, आणि अंगठी धरलेला एक तरुण हात.

"हे काय?"

"हे माझं नाव. असं ठेवतात. याच्या आधीच्या पानावर लग्नपत्रिका चिकटवलीय, तिच्यात जुनं नाव आहे. तारीख एकच."

बाईंनी पान मागे केलं, पुढे केलं. बराच वेळ फोटो बघत राहिल्या. "तांदळावर?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग त्या तांदळाचं काय करतात?"

"खीर करतात."

पद्माकर पुढे झाला. त्याने फोटोवर बोट ठेवलं. "मॅडम, हा हात माझा आहे. मीच लिहिलंय. मी सांगतो ना, ही तीच आहे."

त्याचा आवाज वर गेला तशी सुखदाला कुठली तरी जुनी गोष्ट आठवली. उपाशीपोटी रक्त देऊन गेलेला साहेब. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. या बाईंच्या जागी आपण असतो तर? एक चुकीचं नाव नळीवर राहिलं की दुसऱ्याच माणसाच्या शरीरात दुसऱ्याचं रक्त जातं. हे तिला या दालनातल्या कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. तिने नळी टाकून दिली असती. साहेबाला पुन्हा उपाशी बोलावलं असतं.

बाईंनी तरी जमेल ते केलं. वर दोन फोन लावले, एक मेल लिहिला, सुखदाला वाचून दाखवला. स्टीलच्या पेल्यांतून दोघांना कॉफी दिली. मेलचं उत्तर आलं नाही. साडेचारला रांग संपली. पाऊण तास दालनात नुसता पंखा फिरत होता आणि झाडूवाली मेजांखालून झाडू काढत होती. पाच वाजून गेल्यावर बाईंनी पडदा पुन्हा तिच्याकडे वळवला. तिच्या ओळीत लाल अक्षरांत काहीतरी आलं होतं. ती ओळ तिने पुन्हा मोठी करून पाहिली नाही.

"सॉरी अम्मा," बाई म्हणाल्या, आणि अल्बम दोन्ही हातांनी परत दिला, देवळात प्रसाद देतात तसा.

बसमध्ये पद्माकर म्हणाला, "पुढच्या वर्षी... मी स्वतः नेऊन देतो. खंडोजी काय म्हणायचं ते म्हणू दे."

"तुम्ही नका नेऊ," सुखदा म्हणाली.

सोमवारी ती लॅबमध्ये गेली. टेबल होतंच. मालक डॉक्टरांनी राजीनामा खणातून काढून तिच्यासमोर फाडला. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. दुपारी सिद्धी एक नळी घेऊन आली, चेहरा उतरलेला.

"अक्का, त्या आजोबांचं रक्त घेतलं आणि पट्टी दुसऱ्याचीच लागली. शंभर टक्के त्यांचंच आहे, माझ्या हाताने घेतलंय मी. पट्टी बदलून लावू? परत टोचायचं म्हणजे... त्यांची शीर सापडतच नाही हो, तीनदा टोचलंय."

सुखदाने नळी हातात घेतली. उजेडात धरली. रक्त गडद होतं, अजून कोमट. बाहेर बाकावर म्हातारा कोपराला कापूस दाबून बसला होता, फाटक्या वहाणा नीट जोडून ठेवलेल्या. पट्टी काढून दुसरी लावायला एक क्षण लागला असता. कुणाचंही वाईट झालं नसतं. रक्त त्याचंच होतं.

तिने नळी टाकाऊच्या डब्यात टाकली.

"अक्का!"

"नवी नळी आण. मी काढते."

हिवाळ्यात गॅझेट छापून आलं. फॉर्म तिने स्वतःच भरला होता, घरबसल्या, आश्लेषाला शेजारी बसवून. जुनं नाव या रकान्यात तिने सुखदा पद्माकर इंगोले लिहिलं होतं आणि नवीन नाव या रकान्यात अहल्या मारुती बाबर. आश्लेषाने विचारलं, "आई, उलटं झालं का?" ती म्हणाली, "नाही." आधार बदललं, बँक बदलली. मेमध्ये ती चौथ्यांदा परीक्षेला बसली. फाटकावर दोन्ही कागदांवर एकच नाव होतं, रखवालदाराने वर बघितलंसुद्धा नाही. या वेळी कागद सगळे जुळले. गुण जुळले नाहीत. बरेच कमी पडले. भौतिकशास्त्राचा पेपर अवघड होता असं सगळीच पोरं म्हणत होती, आणि ती पंचेचाळिशीला टेकली होती. रात्री वाचलेलं सकाळी तिच्याजवळ राहत नव्हतं. पुस्तकं आश्लेषाने पुन्हा पलंगाखाली ठेवली, ट्रंकेच्या शेजारी. पाचव्यांदा बसणार का, हे घरात कुणी विचारत नाही.

पद्माकर तिला आता नावाने हाक मारत नाही. तोंडात जुनं येतं, नवं वळत नाही, आणि मध्येच तो थांबतो. "अगं" म्हणतो. तिला ते चालतं.

सकाळी सातला ती लॅबचं दार उघडते. पांढरा कोट चढवते, नळ्या मांडते, पट्ट्या लावते. पहिला माणूस आत येऊन बाही वर करतो, हात पुढे करतो. शीर तिला दारातूनच दिसलेली असते.

"निम्म हेसरु?" ती विचारते, आणि तो पुरतं नाव सांगेपर्यंत सुई उचलत नाही.